मनोऱ्यावरचं धुकं

ताईच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. विसरलो होतो असं नव्हे. रोज सकाळी ते शब्दकोशातून काढायचं, वाचायचं आणि पुन्हा शब्दकोशात ठेवायचं, हा क्रम उन्हाळ्यात सुरू झाला तो थंडीची चाहूल लागेपर्यंत चालूच होता. पत्र छोटं होतं. ताईला लांबण लावायची सवय नाही.

‘वरच्या खोलीतल्या मास्तरीणबाई बदली होऊन गेल्या. खोली रिकामी आहे. तू पुस्तकांसकट ये आणि राहा. मला कोणी सुचवलेलं नाही, माझं मलाच वाटलं म्हणून लिहिते आहे. येणार नसलास तरी तसं कळव.’

मी जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासली. आमच्या धंद्यात निर्दोष पान समोर आलं की आनंद होत नाही, धडकी भरते. चूक असणारच, आपल्याला दिसत नाही एवढंच, असं वाटत राहतं. या पत्रातली चूक मात्र मला पहिल्याच वाचनात दिसली. मला कोणी सुचवलेलं नाही. विचारलं नसताना माणूस असं कशाला सांगेल? कोणी सुचवलंच नसेल तर सुचवण्याचा विषय निघतो कुठून?

मुलाचं घर तीन खोल्यांचं. त्यातल्या एकीत मी आणि माझी कपाटं. मुलगा जेवणाच्या टेबलावर ऑफिसचं काम करतो; ताट मांडायचं तर आधी वायरी गोळा कराव्या लागतात. “एखादी खोली जास्त असती तर,” असं सूनबाई एकदा म्हणाली होती. एकदाच म्हणाली, पण मी ऐकलं होतं. शिवाय हल्ली ती फोनवर दार लोटून बोलते. आणि ताईशी तिचं बोलणं असतं, हेही मला ठाऊक होतं.

माझा संशय कितपत खरा, याचीही मला शंकाच होती. पण शंकेची शंका घेऊन माणूस मोकळा होत नाही, आणखी गुंततो.

‘राज्य’ हा खेळ मला सूनबाईनेच लावून दिला. ताईलाही तिनेच फोनवरून शिकवला. “आत्या खेळतात, तुम्हीही खेळा. दोघं मिळून खेळलात तर बरं,” असं म्हणून तिने टॅब्लेट माझ्या मांडीवर ठेवला. का बरं? हाही प्रश्न होताच. पण खेळ मला आवडला, हे कबूल केलं पाहिजे.

सुरुवातीला ओसाड जमिनीचा एक तुकडा मिळतो आणि मूठभर माणसं. शेतं करायची, घरं बांधायची, तटबंदी उभी करायची. मग थोडे पंडित मिळतात. त्यांना विद्यालयात बसवलं तर ते नांगर, कोठार, पाट असल्या उपयोगी गोष्टी शोधून काढतात. मनोऱ्यात बसवलं तर जादू शिकतात. दोन्हीकडे नाही बसवले, तर निदान शेतावर तरी राबतात. एक पंडित एका वेळी एकाच ठिकाणी. सगळा खेळ या एका अडचणीवर उभा आहे. नांगर आधी शिकावा की मंत्र? नांगर शिकलात तर पोट भरतं, पण शेजारचा मंत्र शिकून तुमच्या डोक्यावर बसतो. मंत्र शिकलात तर लोक उपाशी.

जादूच्याही निरनिराळ्या विद्या आहेत आणि प्रत्येकीचं वेगळं पुस्तक. गंमत अशी की पहिला धडा शिकल्याशिवाय त्या विद्येचं पुस्तक उघडतच नाही. नुसती पाठ दिसते. माझ्यासारख्या माणसाला याचा त्रास होतो. मी दर्शनविद्या निवडली. तिने आपल्या मनोऱ्यात बसून दुसऱ्याच्या मनोऱ्यात डोकावता येतं. न बोलता, न भांडता, लांबून सगळं दिसावं, ही माझी जुनी हौस. तिचं पुस्तक मी पाठ केलं. रक्षणविद्येकडे मात्र ढुंकूनही पाहिलं नाही. ती भित्र्यांची विद्या, असं मला वाटायचं, आणि आपण भित्रे आहोत हे कोणाला कळू नये, हेही वाटायचं.

माझ्या राज्याचं नाव मी ‘शुद्धिपत्र’ ठेवलं. ताईच्या राज्याचं नाव ‘भातुकली’.

खेळात ठरावीक काळाने मोठा हिवाळा येतो. त्या हिवाळ्यात उत्तरेची सेना खाली उतरते आणि एकेकटं राज्य सापडेल तसं गिळते. तिच्यावर उपाय एकच, सेतुमंत्र. दोन मित्रराज्यांनी करार करायचा आणि मंत्राचा अर्धा अर्धा भाग आपापल्या मनोऱ्यात शिकायचा. दोन्ही अर्धे पुरे झाले की मधे प्रकाशाचा पूल उभा राहतो. मग एकावर संकट आलं तर त्याची माणसं दुसऱ्याकडे जाऊ शकतात.

ताईचा निरोप आला होता: ‘पुस्तक्या, सेतू बांधू या. खालचा अर्धा तू, वरचा मी. आणि नेहमीसारखा विचार करत बसू नकोस. हिवाळा काही तुझ्यासाठी थांबणार नाही.’

करार झाला. माझा अर्धा भाग व्यवस्थित पुढे सरकत होता. ताईचा सुरुवातीला झपाट्याने सरकला आणि मग अडखळला. मित्राचा अभ्यास किती झाला हे खेळात दिसतं. का थांबला ते दिसत नाही. मी दर्शनविद्या लावून तिच्या मनोऱ्याकडे पाहिलं. मनोऱ्याभोवती धुकं होतं. पातळसं, पण होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं. धुकं दाट झालेलं. म्हणून मी आणखी एक पंडित दर्शनविद्येला जोडला आणि दिवसातून सकाळ-दुपार पाहू लागलो. आठवड्याभरात मनोऱ्याचा कळससुद्धा दिसेना.

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. लहानपणी ताई पत्त्यांत लबाडी करायची. राजा तिच्या मांडीखाली असायचा आणि मी सगळा डाव राजा शोधत बसायचो. विचारलं तर डोळे मोठे करून म्हणायची, “राजा? कुठला राजा?”

मी खेळात तिला निरोप पाठवला: ‘तुझ्या मनोऱ्याभोवती धुकं का आहे?’

तिचं उत्तर लगेच आलं: ‘कसलं धुकं? माझ्याकडे लख्ख ऊन पडलंय. चष्मा पूस.’ आणि थोड्या वेळाने आणखी एक: ‘माझे पंडित मात्र हल्ली गोगलगाईसारखे शिकतायत. तुझे कसे आहेत?’

राजा? कुठला राजा?

छापखान्यातला माझा जुना सोबती, बाइंडर, याला ही सगळी हकिगत मी सांगितली. त्याचं दुकान आमच्या रस्त्याच्या टोकाला आहे. आत खळीचा वास, कातरलेल्या कागदाच्या पट्ट्यांचा ढीग, आणि शिकंज्यात दाबून ठेवलेली कोणाची तरी जाडजूड पुस्तकं. तोही ‘राज्य’ खेळतो, फोन खळीच्या भांड्याला टेकवून. त्याच्या राज्याचं नाव ‘दाभण’. त्याने जादूचा एकही धडा शिकलेला नाही. तट आणि तलवारी, बस.

“मनोरा कसला बांधता रे,” तो नेहमी म्हणायचा. “चार भिंती जाड केल्या की झालं. मंत्राने कधी पुस्तक शिवून निघालंय?”

त्या दिवशी मी त्याच्यासमोर स्टुलावर बसलो होतो. तो दोऱ्याला मेण लावत होता. धुक्याचं ऐकल्यावर त्याचा हात थांबला.

“कुठेतरी पाणी मुरतंय,” तो म्हणाला.

“मुरतच असेल असं नाही. तिचे पंडित हळू शिकतायत म्हणे.”

“आणि तू ते ऐकून घेतलंस? अरे, धुकं काय आपोआप येतं? कोणीतरी आणतं तेव्हा येतं. तुझी ताई पंडित दुसरीकडे बसवून काहीतरी भलतंच शिकतेय, आणि तुला दिसू नये म्हणून पडदा ओढलाय.”

“भलतंच म्हणजे?”

“ते दिसलं असतं तर पडदा कशाला ओढला असता?” त्याने दोरा दाताने तोडला. “तुला करारातलं कलम माहीत आहे ना? जो आधी करार मोडेल त्याला दुसऱ्याची निम्मी विद्या मिळते. ती मोडायच्या आत तू मोड.”

“बहीण आहे रे ती.”

“म्हणून तर सांगतो. परकी असती तर म्हटलं असतं, ठेव विश्वास.” आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन तो खो खो हसला. “तू आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यास आणि स्वतः काही केलं नाहीस. एकदा काहीतरी कर.”

हे मला लागलं. खरं होतं म्हणून लागलं की खोटं होतं म्हणून, ते ठरवता आलं नाही.

घरी आलो तेव्हा आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि सूनबाईचा आवाज हलका हलका येत होता. मी दाराशी गेलो. दाराशी जायचं मी ठरवलं नव्हतं, पाय गेले. फटीतून माझी सावली आत पडली असावी, कारण ती पटकन म्हणाली, “आत्या, मी नंतर बोलते.” दार उघडलं.

“बाबा? चहा टाकू का?”

“नको.”

“मग?”

“काही नाही. शब्दकोश शोधत होतो.”

“तो तुमच्या उशाशी असतो ना?”

“हो. तिथेच असेल,” मी म्हणालो आणि खोलीत आलो. शब्दकोश उशाशीच होता. पत्र त्यात होतं. मला कोणी सुचवलेलं नाही. मी ते वाक्य पुन्हा वाचलं. दोघींचं ठरलं आहे, आता मला खात्री वाटू लागली. इकडची माझी खोली मोकळी व्हावी म्हणून तिकडची रिकामी झाली. खेळातही तेच. आधी पूल बांधू म्हणायचं, मग पुलावर मला एकट्याला उभं करायचं.

दुसऱ्या दुपारी मुलगा कामात होता, सूनबाई बाहेर गेली होती. मी टॅब्लेट घेऊन बसलो आणि कराराचं पान उघडलं. खाली लाल चौकट होती: ‘करार मोडायचा? हा निर्णय परत फिरवता येणार नाही.’ माझा स्वतःचा अर्धा भाग तोपर्यंत पुरा झाला होता. ताईची निम्मी विद्या हाती आली की मी हिवाळ्याला पुरून उरेन, असा हिशेब. बोट चौकटीवर नेलं. नेलं आणि मागे घेतलं. दोनदा तपासल्याशिवाय मी पोस्टकार्डसुद्धा टाकत नाही.

करार मोडल्यावर ताई काय करील? ती लहानपणापासून तापट. पत्ते उधळून द्यायची. ती सरळ माझ्यावर चालून येईल. तेव्हा आधी थोडी रक्षणविद्या शिकून ठेवावी, मग मोडावं, असं मी ठरवलं. दर्शनविद्येचे दोन पंडित उठवून रक्षणविद्येला बसवले. पहिला धडा सोपा होता. चहाच्या वेळेपर्यंत तो झाला आणि इतके दिवस नुसती पाठ दाखवणारं ते पुस्तक उघडलं.

मला कुठलंही पुस्तक पुढ्यात आलं की पहिल्या पानापासून शेवटच्या टिपेपर्यंत वाचावं लागतं. तट मजबूत करण्याचे मंत्र झाले, दारं बंद करण्याचे झाले, आणि शेवटच्या पानावर बारीक अक्षरात हे होतं:

‘दर्शनविद्येने ज्या मनोऱ्याकडे पाहिलं जातं, त्याच्याभोवती धुकं आपोआप चढतं. प्रत्येक नजरेचा एक थर. हे धुकं मनोऱ्याच्या मालकाला दिसत नाही. पण त्याने आतले दिवे मंद होतात आणि अभ्यास रेंगाळतो. पाहणं थांबलं की धुकं हळूहळू उतरतं.’

मी आधी या मजकुरात छपाईची चूक आहे का ते पाहिलं. नव्हती. दर्शनविद्येच्या पुस्तकात यातलं अवाक्षर नव्हतं. बघणाऱ्याला जे कधीच सांगितलेलं नव्हतं, ते झाकणाऱ्याच्या पुस्तकात लिहिलेलं होतं.

सगळं धुकं माझं होतं. सकाळ-दुपारचे ते सगळे थर मीच एकावर एक चढवले होते. तिचे पंडित गोगलगाईसारखे शिकत होते ते माझ्यामुळे. आणि तिला खरोखरच लख्ख ऊन दिसत होतं.

की हाही पडदाच? मनात आलंच. इतक्या सहज सुटका व्हावी, अशी माझी सवय नाही. पण तपासायला मार्ग सोपा होता: पाहायचं नाही. मी दर्शनविद्येचे सगळे पंडित उठवले आणि टॅब्लेट कपाटावर ठेवून दिला. पाहायचं नाही हे म्हणायला सोपं आहे. मी दर थोड्या वेळाने कपाटापर्यंत जाऊन परत येत होतो.

दोनेक दिवसांनी मी टॅब्लेट खाली घेतला. विद्या न लावता, साध्या नकाशावर, कोणालाही दिसतं तसं पाहिलं. धुकं बरंच उतरलं होतं. भातुकलीचा मनोरा दिसत होता. त्याची एकूणएक खिडकी उजळलेली होती. ताईने तिचे सगळेच्या सगळे पंडित वरच्या अर्ध्या मंत्राला बसवले होते. विद्यालय अंधारात होतं. शेतं उजाड होती. तट कंबरेएवढा. असलं मूर्ख राज्य मी पाहिलं नव्हतं. पुलावाचून तिने दुसरा आधारच ठेवला नव्हता.

मी बाइंडरकडे गेलो आणि धुक्याचा नियम सांगितला.

“बरं,” तो म्हणाला. “म्हणजे बाई सरळ आहे. मग तर मोड. काही संशय नको, निम्मी विद्या आपली.”

“अरे!”

“खेळ आहे की नाही?”

“मलाही तेच कळत नाहीये,” मी म्हणालो.

त्या संध्याकाळी आतल्या खोलीचं दार पुन्हा लोटलेलं होतं. माझे पाय निघाले. मी त्यांना थांबवलं, खुर्चीत बसलो आणि वाट पाहिली. सूनबाई बाहेर आली, मला बसलेलं पाहून चपापली.

“सूनबाई, एक विचारू?”

“विचारा ना.”

“ताईला मला पत्र लिहायला तू सांगितलंस का?”

ती समोरची खुर्ची ओढून बसली. “हो.”

“पण तिने तर लिहिलंय, कोणी सुचवलेलं नाही.”

“ते त्यांचं त्यांनीच घातलं असणार. मी म्हटलं होतं, माझं नाव सांगा हवं तर.”

“म्हणजे माझी ही खोली...”

“बाबा!” ती म्हणाली. आधी चिडून आणि मग, बहुधा माझं तोंड पाहून, हसून. “त्या खोलीत तुमची कपाटं आहेत. ती हलवायची म्हटलं तर भिंत पाडावी लागेल. मला नको ती खोली. तुमच्या मुलाला टेबलावरच बरं वाटतं, येता-जाता डबे उघडता येतात.”

आतून मुलगा ओरडला, “मी ऐकतोय!”

“ऐका!” तिने ओरडून सांगितलं आणि आवाज खाली आणला. “आत्यांना झोप लागत नाही, बाबा. त्या मास्तरीणबाई इतकी वर्षं वर राहत होत्या. उशिरापर्यंत वह्या तपासत फेऱ्या मारायच्या. डोक्यावर पावलं वाजायची, की यांना झोप लागायची. आता वर काहीच वाजत नाही. एकदा फोनवर रडल्या. आत्या! मी कधी ऐकलं नव्हतं त्यांना रडताना. म्हणाल्या, ‘त्याला सांगू नकोस, तो हसेल.’ मी म्हटलं, मग तुम्हीच लिहा, फोनवर ते हो-नाहीपलीकडे बोलत नाहीत.”

“मग तू दार लावून का बोलतेस?”

“तुम्ही येऊन उभे राहता म्हणून.”

“तू दार लावतेस म्हणून मी येतो.”

“बघा आता,” ती म्हणाली. “हे कोणी आधी सुरू केलं ते देवालाच माहीत.”

माझी नजर चुकली नव्हती. पत्रात चूक होती आणि ती मला बरोबर सापडली होती. ती कसली चूक आहे, एवढंच कळलं नव्हतं. आणि ताईला वाटत होतं मी हसेन. तिच्याही खिडकीवर कोणी थर चढवला असेल का? शब्दकोशात पडून राहिलेलं ते पत्र रोज एकेक थर देतच होतं.

हिवाळा तोंडावर आला होता. नकाशाच्या वरच्या कडेला उत्तरेच्या सेनेचे ठिपके दिसू लागले होते. ताईचा अर्धा भाग काही केल्या वेळेत होणार नव्हता. एकच उपाय होता, तोही मी कुठल्यातरी टिपेत वाचलेला: मित्राच्या मनोऱ्यात आपले पंडित पाहुणे म्हणून पाठवता येतात. मात्र ते हिवाळा संपेपर्यंत परत येत नाहीत. पाठवणाऱ्याचा मनोरा अंधारात, विद्यालय बंद.

मी ताईला निरोप लिहिला: ‘माझे पंडित तुझ्याकडे पाठवू का?’

‘किती?’

‘सगळे.’

मग: ‘तुझं राज्य उघडं पडेल.’

‘पडू दे.’

यावर तिने लिहिलं: ‘पुस्तक्या, तुझी तब्येत बरी आहे ना? सूनबाईला फोन करू का?’ आणि लगेच: ‘की माझ्या मनोऱ्यात शिरून चोरी करणार आहेस? खरं सांग. तुझा काय भरवसा.’

मला हसू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. लहानपणी ज्याने कधी पत्ता लपवला नाही, त्याचासुद्धा भरवसा नाही म्हणते! मग मी तिला धुक्याचं सगळं लिहिलं. नियम लिहिला, मी किती वेळा पाहत होतो ते लिहिलं. लाल चौकटीचंही लिहिलं. लिहून झाल्यावर तपासलं नाही, कारण तपासलं असतं तर पाठवलं नसतं.

तिचं उत्तर यायला उशीर झाला. ‘म्हणजे इतके दिवस तू नुसता बघत होतास?’

‘हो.’

‘मग हाक मारायची होतीस.’

तिनेच पुढे लिहिलं: ‘पाठव पंडित. आणि माझं पत्र पोचलं का रे तुला? पोस्टाचा काही नेम नाही.’

पोस्टाचा नेम होता. माझाच नव्हता. पण तिने मला एक वाट ठेवली होती. मी गहाळ झालं म्हणू शकत होतो.

‘पोचलं,’ मी लिहिलं. ‘उत्तर लिहितो आहे.’

सेना आली. शुद्धिपत्रात तिला अडवायला कोणी नव्हतं. तिने कोठारं लुटली, घरं पेटवली. ताईच्या मनोऱ्यात मात्र तिच्या आणि माझ्या पंडितांचे दिवे एकत्र जळत होते. माझा तट पडल्यावर, अगदी शेवटी, तिचा अर्धा भाग पुरा झाला आणि जळत्या राज्यावरून पूल उभा राहिला. माझी माणसं पुलावरून चालत गेली. शुद्धिपत्र नकाशावरून पुसलं गेलं आणि भातुकलीची वस्ती वाढली.

“गेलं ना राज्य?” बाइंडरने विचारलं. दाभणचे तट जाड होते आणि त्यांच्या आत तो आरामात होता. “सांगत होतो.”

“गेलं.”

“आणि वर हसतोयस?”

“मला एक चांगलं पाकीट दे,” मी म्हणालो. “तुझ्याकडच्या जाड कागदाचं.”

त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “काय भानगड आहे?”

“पत्र पाठवायचंय.”

“पाणी मुरतंय,” तो म्हणाला. पण पाकीट दिलं, आणि पैसे घेतले नाहीत.

उत्तर लिहायला मला सबंध सकाळ लागली. पहिला मसुदा लांब झाला, तो फाडला. दुसऱ्यात मी पावलांचं लिहून बसलो होतो, तोही फाडला. ‘त्याला सांगू नकोस’ असं ती म्हणाली होती, तेव्हा मला ठाऊक नाही असंच असायला हवं. शेवटी असं झालं:

‘ताई, वरच्या खोलीत येतो. आधी थंडीपुरता. दोन कपाटं आणीन, बाकीची इथल्या खोलीत राहतील. एक अडचण आधीच सांगतो. मला वाचता वाचता फेऱ्या मारायची सवय आहे, आणि माझ्या चपला वाजतात. तुला त्रास होणार असेल तर तसं कळव. मला कोणी काही सांगितलेलं नाही, माझं मलाच वाटलं म्हणून लिहितो आहे.’

शेवटचं वाक्य वाचून मी थबकलो. ते खोडावं असं वाटलं. ताईही काही भोळी नाही. तिला ती चूक पहिल्याच वाचनात दिसेल आणि ती सूनबाईला फोन करून विचारील, खरं सांग, तू काय बोललीस? मग तिकडेही दार लोटलं जाईल. पण खोडलं तर खाडाखोड दिसेल, आणि खाडाखोड म्हणजे आणखी संशय. वाक्य तसंच राहू दिलं.

पाकीट चिकटवलं, पत्ता तपासला, पुन्हा तपासला. सूनबाई दारात उभी होती. कुठे निघालात, असं तिने विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. पाकीट फक्त तिला दिसेल असं हातात धरलं. तिने पायरीवरच्या माझ्या चपला सरळ केल्या.

टपालपेटी बाइंडरच्या दुकानासमोरच आहे. तो काचेतून पाहत होता, पाहू दिलं. पाकीट फटीत सरकवलं. मधे अडकलं तर नाही ना म्हणून दोन बोटं आत घालून चाचपलं. काही लागलं नाही. पत्र गेलं होतं.